उघडलेल्या सीलंट-नळकांड्यासाठी पुनर्वापरयोग्य बूच : तत्त्वे आणि रचना

सारांश :
बांधकाम, काचकाम व नळकामात वापरले जाणारे सिलिकॉन सीलंट हवेतील बाष्पाच्या संपर्काने घट्ट होते. त्यामुळे एकदा उघडलेले नळकांडे काही आठवड्यांतच निकामी होते आणि उरलेला माल वाया जातो. प्रस्तुत लेखात या घट्ट होण्यामागील रासायनिक व भौतिक कारणे तपासली असून, बाष्प नेमके कोणत्या मार्गांनी आत शिरते याचा अंदाज साध्या आकडेमोडीने बांधला आहे. त्याआधारे पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा निमुळत्या बुचाची रचना सुचविली आहे.

बीजसंज्ञा : सिलिकॉन सीलंट, बाष्पपारगम्यता, निमुळते बूच, स्व-धारण, पुनर्वापर.

प्रस्तावना :

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाच्या मत्स्यपेटीची एक कड गळू लागली. दहा महिन्यांपूर्वी उघडलेले व अर्धेअधिक भरलेले सीलंटचे नळकांडे कपाटात होते. प्रयोगशाळा परिचरांनी ते गनमध्ये बसवून खटका ओढला. परंतु नोझलमधून काहीच बाहेर आले नाही. अधिक जोर देताच मागील दट्ट्याच्या कडेने सीलंट बाहेर पडून गन व हात दोन्ही बरबटले. नोझल कापून पाहिले असता ते टोकापासून तळापर्यंत रबरासारखे घट्ट झालेले आढळले. परिचर खजील होऊन म्हणाले, "सर, खिळा तर मी आठवणीने घातला होता."

प्रस्तुत लेखाचा जन्म या वाक्यातून झाला. टोकाचे छिद्र खिळ्याने बंद असताना आतील सीलंट घट्ट झालेच कसे? हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसविणारा कारागीर, नळजोडणी करणारा प्लंबर किंवा घरच्या घरी गळती थांबविणारा गृहस्थ यांच्या दृष्टीने तो पैशाचा प्रश्न आहे. छोट्या कामासाठी पूर्ण नळकांडे विकत घ्यावे लागते आणि उरलेला माल पुढील कामापर्यंत टिकत नाही. घट्ट झालेले सिलिकॉन पुन्हा वितळविता येत नसल्याने असे नळकांडे पुनर्चक्रणासाठीही कुचकामी ठरते. म्हणजेच एका साध्या बुचाच्या अभावी माल, पैसा व प्लॅस्टिक या तिन्हींचा अपव्यय होतो.

उद्दिष्टे :

१. सिलिकॉन सीलंट घट्ट होण्याची प्रक्रिया स्पष्ट करणे.
२. उघडलेल्या नळकांड्यात बाष्प शिरण्याचे मार्ग शोधून त्यांचे तुलनात्मक महत्त्व ठरविणे.
३. प्रचलित उपायांची मर्यादा तपासणे.
४. पुनर्वापरयोग्य बुचाची रचना व तिच्या चाचणीची पद्धत सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. पदार्थांच्या सर्वमान्य भौतिक गुणधर्मांवरून आकडेमोड केली असून नळकांड्याची मापे प्रातिनिधिक मानली आहेत. त्यामुळे येथील उत्तरे अचूक मोजमापे नसून परिमाणाचा अंदाज देणारी आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

विषय विवेचन :

अ) ऐतिहासिक पार्श्वभूमी

बंद करावयाच्या नळीचा प्रश्न सीलंटपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील चित्रकार तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बाळगत असत. पिशवीला टाचणीने भोक पाडून रंग काढावयाचा आणि तीच टाचणी भोकात खोचून ठेवावयाची, अशी रीत होती. रंग वाळत असे व पिशवी फुटत असे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये धातूच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले व फिरकीच्या झाकणामुळे हा प्रश्न बव्हंशी सुटला. आजचा कारागीर सीलंटच्या नोझलमध्ये खिळा खोचतो, तेव्हा तो नकळत रँडपूर्व काळातील चित्रकाराचीच युक्ती वापरत असतो.

सिलिकॉनचा इतिहास तुलनेने अलीकडचा होय. नॉटिंगहॅम येथील फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांचा दीर्घ अभ्यास केला. मात्र हाती येणाऱ्या चिकट पदार्थांत त्यांना व्यावहारिक उपयोग दिसला नाही. पुढे कॉर्निंग ग्लास वर्क्समधील जेम्स फ्रँकलिन हाइड यांनी या पदार्थांना उपयोगाची दिशा दिली. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधील यूजीन रोशो यांनी मूळ घटकद्रव्यांच्या थेट निर्मितीची पद्धत शोधून काढली, तर १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच सिलिकॉनचे औद्योगिक युग सुरू झाले.

आ) सीलंट घट्ट का होते?

सर्वसामान्य समज असा की सीलंट 'वाळते'. ही समजूत बरोबर नाही. भिजलेले कापड वाळते तेव्हा त्यातील पाणी बाहेर जाते; सिलिकॉन सीलंटच्या बाबतीत नेमके उलट घडते. त्याला घट्ट होण्यासाठी पाणी आत यावे लागते. सीलंटमध्ये लांब साखळीचे सिलिकॉन बहुवारिक आणि त्या साखळ्या परस्परांशी जोडणारे संयुग असते. हवेतील बाष्प या संयुगाशी अभिक्रिया करते, साखळ्यांमध्ये आडवे बंध निर्माण होतात आणि मऊ लगद्याचे रबर बनते. अॅसिटॉक्सी प्रकारच्या सीलंटमध्ये या वेळी अॅसेटिक आम्ल बाहेर पडते. कामाच्या जागी येणारा शिरक्याचा वास त्याचाच असतो. उदासीन प्रकारच्या सीलंटमध्ये आम्लाऐवजी अल्कोहोल किंवा ऑक्झाइम बाहेर पडते.

ही क्रिया पृष्ठभागापासून आत सरकते. घट्ट झालेल्या थरातून बाष्प झिरपून पुढे जावे लागत असल्याने थर जसजसा जाड होतो तसतसा वेग मंदावतो. थराची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २३ अंश सेल्सिअस व ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला पहिल्या २४ तासांत साधारणतः २ ते ३ मि.मी. जाडीचा थर तयार होतो. २.५ मि.मी. ही संख्या धरल्यास १६ दिवसांत १० मि.मी., तर १०० दिवसांत २५ मि.मी. जाडी होईल.

येथे स्थानिक हवामानाचा विचार आवश्यक ठरतो. वरील प्रमाणित स्थितीत एक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. कोकणातील पावसाळी दिवशी, म्हणजे ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना, हे प्रमाण सुमारे २४ ग्रॅम होते. याउलट विदर्भातील कडक उन्हाळ्यात ४२ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता धरली तर ते जेमतेम साडेआठ ग्रॅम भरते. केवळ बाष्पाचे प्रमाण विचारात घेतले तरी कोकणात थराची जाडी प्रमाणित स्थितीच्या सुमारे दीडपट वेगाने वाढेल. वेष्टणावरील सूचना कोरड्या, थंड जागेचा आग्रह धरतात तो याच कारणासाठी.

इ) बाष्पाचे मार्ग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रातिनिधिक नोझल ७५ मि.मी. लांब, तळाशी आतील व्यास १२ मि.मी. व कापलेल्या टोकाशी ४ मि.मी. असे मानू. त्यात सुमारे ४ मि.लि. सीलंट मावते. टोक पूर्ण उघडे ठेवले तरी वर्गमुळाच्या नियमाने १०० दिवसांत प्रमाणित हवेत २५ मि.मी. व कोकणातील हवेत सुमारे ३८ मि.मी. लांबीचाच भाग घट्ट व्हावयास हवा, म्हणजे अर्धे नोझल. प्रत्यक्षात मात्र संपूर्ण नोझल घट्ट झालेले आढळते. अर्थात टोकाखेरीज आणखी मार्ग असले पाहिजेत.

असे तीन मार्ग संभवतात : पहिला, टोकाचे छिद्र, दुसरा, नोझल व नळकांड्याची मान यांमधील आट्यांची फट, आणि तिसरा, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही तो, खुद्द नोझलची भिंत.

प्लॅस्टिक पाणी गळू देत नाही. तरी ते बाष्पाला पूर्णतः अडवीत नाही. कमी घनतेच्या पॉलिथिलीनच्या २५ मायक्रॉन जाडीच्या पत्र्यातून ३८ अंश व ९० टक्के आर्द्रतेला दर चौरस मीटरमागे दररोज सुमारे १५ ते २० ग्रॅम बाष्प पार होते. एक मि.मी. जाडीची भिंत ४० पट जाड असल्याने तेथे हे प्रमाण सुमारे ०.४५ ग्रॅमवर येते. नोझलचे पृष्ठफळ सुमारे १,९०० चौरस मि.मी. आहे. म्हणजे दररोज अंदाजे ०.८५ मि.ग्रॅ. बाष्प भिंतीतून आत येईल.

हे प्रमाण नगण्य वाटते. पण सीलंटची गरज किती आहे? सीलंटमध्ये वजनाने साधारण ५ टक्के मिथाइल ट्रायअॅसिटॉक्सी सिलेन आहे असे गृहीत धरल्यास एक ग्रॅम सीलंट पूर्ण घट्ट होण्यास जेमतेम ६ मि.ग्रॅ. पाणी पुरते. म्हणजे नोझलमधील ४ ग्रॅमसाठी २४ ते २५ मि.ग्रॅ. पाणी पुरेसे होय. एवढे पाणी केवळ भिंतीतून सुमारे एका महिन्यात आत येऊ शकते. हवा थोडी कमी दमट व कमी उष्ण असल्यास दोन-तीन महिने लागतील, इतकेच. दहा महिने मात्र कोणत्याही परिस्थितीत भरपूर झाले. परिचरांनी खिळा आठवणीने घातला होता, हे खरेच होते. परंतु खिळा ज्या मार्गाला अडवीत होता तो एकमेव मार्ग नव्हता.

मग नळकांड्याच्या पोटातील सीलंट का टिकते? त्याची भिंत बहुधा जास्त घनतेच्या पॉलिथिलीनची असते. या पदार्थाची बाष्पपारगम्यता कमी घनतेच्या प्रकाराच्या सुमारे एकतृतीयांश ते एकचतुर्थांश असते. शिवाय नळकांड्याचा व्यास सुमारे ४७ मि.मी. व नोझलचा सरासरी व्यास ८ मि.मी. धरल्यास आकारमानाच्या तुलनेत नोझलचा पृष्ठभाग जवळजवळ सहापट भरतो. थोडक्यात, नोझल हे सीलंट साठविण्याचे पात्र नव्हेच. तो केवळ बाहेर पडण्याचा रस्ता आहे. साठवणुकीचे बूच नोझलच्या टोकाशी नव्हे तर नळकांड्याच्या मानेत हवे, हा या विवेचनातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

ई) अडकलेल्या हवेविषयीचा गैरसमज

बूच लावताना आत हवा राहिली तर सीलंट खराब होईल, अशी भीती कारागीर व्यक्त करतात. तिची तपासणी सहज करता येते. कोकणातील दमट हवेच्या एक मि.लि. आकारमानात अवघे ०.०२४ मि.ग्रॅ. बाष्प असते. एक ग्रॅम सीलंटला ६ मि.ग्रॅ. पाणी लागते हे लक्षात घेता एवढ्या बाष्पाने केवळ ४ मि.ग्रॅ. सीलंट घट्ट होईल. म्हणजे कोंडलेली हवा बहुतांशी निरुपद्रवी आहे. घातक आहे तो बाष्पाचा अखंड पुरवठा. म्हणून बुचाच्या रचनेत हवा बाहेर काढण्याची गुंतागुंतीची सोय करण्याऐवजी फट न राहण्याकडे लक्ष पुरविणे इष्ट ठरते.

उ) प्रचलित उपायांची समीक्षा

लोखंडी खिळा किंवा स्क्रू सहज उपलब्ध असतो. पण अॅसिटॉक्सी सीलंटमधील आम्लामुळे तो गंजतो व गंजाचे डाग पुढील कामात उतरतात. स्क्रूचा एक गुण मान्य करावा लागेल : घट्ट झालेला तुकडा त्याच्या आट्यांत अडकून बाहेर येतो. चिकटपट्टी टोक झाकते, पण सीलंटने ओशट झालेल्या पृष्ठभागावर ती नीट बसत नाही. पेट्रोलियम जेली बाष्पाला अडविते, परंतु तिचा अंश काच किंवा फरशीवर गेल्यास सीलंटची पकड बिघडते. लाकडी खुंटी स्वतःच ओलावा शोषते. नैसर्गिक बूच दाबून चांगले बसते. मात्र सीलंट त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला धरून बसते व बूच काढताना त्याचे तुकडे पडतात. सिलिकॉन रबराचे बूच प्रथमदर्शनी आकर्षक वाटते, पण ते सर्वांत अयोग्य होय. कारण सिलिकॉन रबर बाष्पाला मोठ्या प्रमाणात पार होऊ देते आणि ताजे सीलंट त्याला चिकटते.

ऊ) प्रस्तावित रचना

१. पदार्थ : सिलिकॉन सीलंट पॉलिथिलीनला चिकटत नाही, नोझल व नळकांडे त्याच पदार्थाचे असण्यामागे हेही एक कारण आहे. बूचही पॉलिथिलीनचेच असावे. येथे मऊ, कमी घनतेचा प्रकार घ्यावा की कठीण, जास्त घनतेचा, असा प्रश्न येतो. बुचाची लांबी २० मि.मी. धरली तर ती २५ मायक्रॉनच्या ८०० पट होते. मानेचा आतील व्यास १२ मि.मी. असल्यास मऊ पॉलिथिलीनच्या एवढ्या लांबीतून दररोज केवळ ०.००२५ मि.ग्रॅ. बाष्प पार होईल. म्हणजे बुचाच्या गाभ्यातून येणारे बाष्प दोन्ही प्रकारांत नगण्यच. खरा धोका बूच व मान यांमधील फटीचा आहे आणि फट बुजविण्यास मऊ पदार्थ अधिक सोयीचा. सबब मऊ पॉलिथिलीन श्रेयस्कर ठरते.

२. आकार : निरनिराळ्या उत्पादकांच्या नळकांड्यांच्या मानेची मापे व आटे सारखे नसतात. आट्यांचे झाकण एका प्रकारालाच बसेल. निमुळते बूच मात्र अनेकांना बसू शकते. १ : १० निमुळतेपणा असलेल्या ३० मि.मी. लांबीच्या बुचाचा व्यास ३ मि.मी. ने बदलतो. उदाहरणार्थ, १३ मि.मी. पासून १० मि.मी. पर्यंतच्या कोणत्याही मानेत ते कोठे ना कोठे घट्ट बसेल. बूच आपोआप सुटू नये यासाठी निमुळतेपणाचा अर्धकोन घर्षणकोनापेक्षा कमी असावा लागतो. १ : १० साठी अर्धकोन २ अंश ५२ मिनिटे येतो. पॉलिथिलीनचा घर्षणांक ०.२ धरल्यास घर्षणकोन ११ अंशांहून अधिक, तर सीलंटच्या ओशटपणामुळे घर्षणांक ०.१ पर्यंत उतरला तरी तो सुमारे ५ अंश ४२ मिनिटे राहतो. १ : ५ चे बूच या दुसऱ्या स्थितीत जेमतेम सीमेवर येते, १ : १० चे सुरक्षित राहते.

३. लांबी : बूच मानेत खोलवर जाणे आवश्यक आहे. केवळ वरून बसणारे झाकण मानेतील सीलंट तसेच ठेवते व ते मानेच्या भिंतीतून येणाऱ्या बाष्पाने कालांतराने घट्ट होते. लांब बूच मानेची पोकळी स्वतःच व्यापते; तेथे घट्ट होण्यास सीलंट उरतच नाही. झाकणाऐवजी बुचाची निवड करण्यामागील हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय.

४. खोबण : बुचाच्या बारीक टोकापासून ४ मि.मी. अंतरावर सुमारे २ मि.मी. रुंद व १.५ मि.मी. खोल गोलाकार खोबण ठेवावी. सीलंट पॉलिथिलीनला चिकटत नसल्याने बूच काढताना घट्ट झालेला तुकडा मागे राहण्याची शक्यता असते. खोबणीत घट्ट झालेले रबर कड्यासारखे अडकते व बुचाबरोबर बाहेर येते. स्क्रूचा जो गुण वर नमूद केला, तोच येथे गंजाविना साधला जातो. बाहेर आलेले कडे बोटाने सोलून काढले की बूच पुन्हा वापरण्यास सिद्ध होते.

५. पकड : जाड टोकाशी दोन पंख असावेत, म्हणजे ओशट हातानेही बूच पिळून काढता येईल. त्याचा रंग ठळक असावा, कारण लहान वस्तू कामाच्या जागी हरवतात.

ए) वापराची पद्धत

काम संपताच गनमागील खटका दाबून दट्ट्यावरील दाब प्रथम सोडावा. ही पायरी चुकल्यास आतील दाबाने बूच हळूहळू बाहेर ढकलले जाते. त्यानंतर नोझल काढून मानेची कड पुसावी व बूच पिळत आत बसवावे. कडेने थोडे सीलंट वर येईल. ते फट भरून काढते. नोझलमधील सीलंट तसेच घट्ट होऊ द्यावे. नंतर ते अखंड रबरी कांडीच्या रूपाने ओढून काढता येते व नोझलही पुन्हा वापरता येते. यात सुमारे ४ मि.लि. सीलंट खर्ची पडते, २८० मि.लि. च्या नळकांड्यात हा अपव्यय दीड टक्क्याहून कमी आहे. मात्र दुसऱ्याच दिवशी काम पुढे चालवावयाचे असल्यास नोझल न काढता टोक बंद करणे पुरेसे आहे. बुचाचा खरा उपयोग आठवड्यांच्या व महिन्यांच्या खंडासाठी आहे.

ऐ) निर्मिती व चाचणी

नमुना बुचे महाविद्यालयीन कार्यशाळेतील लेथवर पॉलिथिलीनच्या कांडीपासून करता येतील. कठीण प्रकारची कांडी कातण्यास सोपी असल्याने आकाराच्या पडताळणीसाठी ती वापरावी व अंतिम बूच मऊ प्रकारात साच्यातून घ्यावे. त्रिमितीय मुद्रणाने केलेले बूच मापे तपासण्यास उपयुक्त आहे. परंतु त्याच्या थरांमधील सूक्ष्म फटी व खडबडीत पृष्ठभाग पाहता ते साठवणुकीसाठी योग्य नव्हे.

चाचणीसाठी एकाच गटातील नळकांडी घेऊन काही उघड्या नोझलसह, काही खिळ्यासह, काही टोकाच्या टोपणासह व काही प्रस्तावित बुचासह एकाच खोलीत ठेवावीत. तापमान व आर्द्रता रोज नोंदवावी. ठराविक अंतराने प्रत्येक गटातील एकेक नळकांडे उभे कापून घट्ट भागाची लांबी मोजावी. केवळ वजनावर विसंबू नये, कारण बाष्प आत येत असतानाच अॅसेटिक आम्ल बाहेर जात असते व वजनातील बदल फसवा ठरतो. असा प्रकल्प रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एकत्र काम करण्याची संधी देईल : एकाने अभिक्रिया समजून घ्यावी, दुसऱ्याने बाष्पप्रवाह मोजावा, तिसऱ्याने कारागिराच्या खर्चाचा हिशेब मांडावा.

मर्यादा :

प्रस्तुत आकडेमोड प्रातिनिधिक मापांवर व अॅसिटॉक्सी सिलिकॉनच्या गृहीत घटकप्रमाणावर आधारलेली आहे. पॉलियुरेथेन सीलंटही बाष्पानेच घट्ट होते. पण त्याची चिकटण्याची वृत्ती वेगळी असल्याने स्वतंत्र विचार आवश्यक आहे. पाण्याचा अंश बाहेर जाऊन घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिक सीलंटला येथील बाष्पाचा हिशेब लागू होत नाही. तसेच मागील दट्ट्याच्या कडेने येणारे बाष्प कोणतेही बूच रोखू शकणार नाही. म्हणून वेष्टणावरील मुदत उलटल्यावरही माल टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

निष्कर्ष :

१. सिलिकॉन सीलंट वाळत नाही, ते बाष्प घेऊन घट्ट होते. म्हणून ते टिकविणे म्हणजे बाष्प रोखणे होय.
२. नोझलच्या टोकाशी केलेला कोणताही उपाय अपुरा आहे, कारण नोझलच्या भिंतीतूनही पुरेसे बाष्प आत येते.
३. आत कोंडलेल्या हवेपेक्षा बाष्पाचा अखंड पुरवठा घातक आहे.
४. मऊ पॉलिथिलीनचे, १ : १० निमुळते, मानेत खोलवर बसणारे व टोकाशी खोबण असलेले बूच ही तत्त्वतः योग्य रचना आहे, तिची प्रत्यक्ष चाचणी होणे आवश्यक आहे.

आपल्या प्रयोगशाळांत व कार्यशाळांत उपयोगी वस्तू निकामी होते, तेव्हा दोष बहुधा ती हाताळणाऱ्याच्या निष्काळजीपणाला दिला जातो. प्रस्तुत उदाहरणात काळजी घेतलेली होती. उणीव होती ती साधनाची व त्यामागील आकलनाची. परिचरांनी खाली मान घालून उच्चारलेल्या त्या वाक्याचे उत्तर त्यांना देणे हे प्रस्तुत लेखकाचे कर्तव्य होते, आणि ते देताना एक अभ्यासविषय हाती लागला. अशा लहान प्रश्नांकडे शिक्षक व विद्यार्थ्यांनी एकत्र पाहिल्यास वर्गात शिकविलेले शास्त्र कारागिराच्या हातापर्यंत पोहोचू शकेल, असे वाटते.